ईमॅक्समधली फिकी अक्षरं आणि हट्टी कर्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशात आमचं डीटीपीचं छोटं काम आहे. जत्रेची पत्रकं, चवथीच्या आरत्यांच्या पुस्तिका, देवळातल्या नाटकांची हँडबिलं असलं बरंच काही. मजकूर मी ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये टंकतो. गावांची नावं रोज तीच ती येतात, म्हणून एक-दोन अक्षरं टंकली की पुढचं नाव फिक्या रंगात दिसावं आणि टॅब दाबला की ते खरं व्हावं, एवढी सोय मी स्वतःपुरती लिहून घेतली. मग ती डिचोलीच्या एका मित्राने नेली, त्याच्याकडून फोंड्याला गेली, आणि फोन सुरू झाले. निम्म्याहून जास्त फोन कर्सरचेच. शेवटी उत्तरं एकदाच लिहून काढली.

एक सूचना. आज्ञांची आणि गुणधर्मांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. ईमॅक्समध्ये ती रोमीत, आणि त्यांतले आकडे इंग्रजीत टंकायचे. देवनागरीत टंकून "चालत नाही" असा फोन मला एकदा येऊन गेला आहे.

आभासी मजकूर म्हणजे नेमकं काय?

पडद्यावर दिसतो पण फाइलमध्ये नसतो, तो. वरची फिकी अक्षरं म्हणजे तोच. सेव्ह केलं तरी तो फाइलमध्ये जात नाही, शोधला तर सापडत नाही, कॉपी केला तर येत नाही. ईमॅक्समध्ये तो दाखवायचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक, बफरच्या (उघडलेल्या मजकुराच्या) एखाद्या जागेवर ओव्हरले, म्हणजे मजकुरावरची न दिसणारी पट्टी, ठेवायचा आणि त्याला बिफोर-स्ट्रिंग किंवा आफ्टर-स्ट्रिंग, म्हणजे आधी किंवा नंतर दिसणारी अक्षरांची माळ, द्यायची. दुसरा, खऱ्या अक्षरांना डिस्प्ले हा गुणधर्म लावून त्यांच्या जागी दुसरंच काही दाखवायचं. पहिल्यात खऱ्या मजकुराशेजारी भर पडते, दुसऱ्यात खरा मजकूर झाकला जातो. कर्सरच्या तक्रारी दोन्हीकडे आहेत, पण वेगवेगळ्या.

कर्सर फिक्या अक्षरांच्या आधी हवा, तो नेहमी त्यांच्या पलीकडे जाऊन का बसतो?

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच. "काण" टंकलं, पुढे फिकं "कोण" दिसलं, पण कर्सर "काणकोण"च्या शेवटी लुकलुकतोय. बघणाऱ्याला वाटतं, शब्द टंकून झाला.

ईमॅक्समध्ये पॉइंट आणि कर्सर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉइंट म्हणजे बफरमधली जागा, दोन अक्षरांच्या मधली फट. कर्सर म्हणजे पडद्यावरचं चित्र, आणि चित्र फटीवर काढता येत नाही, ते कुठल्या तरी अक्षरावर काढावं लागतं. ईमॅक्स ते पॉइंटच्या पुढच्या अक्षरावर काढतो. आता "काण" नंतर ओळ संपते, म्हणजे पॉइंटच्या पुढचं खरं अक्षर हे ओळ तोडणारं चिन्ह. आपली फिकी अक्षरं त्या चिन्हाच्या आधी रंगवली जातात. मग कर्सर जातो कुठे? त्या चिन्हावर, म्हणजे "कोण"च्या पलीकडे.

पॉइंट मात्र हललेलाच नसतो. पुढचं अक्षर टंकून बघा, ते "काण"लाच चिकटतं.

आफ्टर-स्ट्रिंगऐवजी बिफोर-स्ट्रिंग वापरून फरक पडेल असं अनेकांना वाटतं. मलाही वाटलं होतं, एक अख्खी दुपार त्यात गेली. ओव्हरले रिकामा असेल, म्हणजे त्याचा आरंभ आणि शेवट एकाच जागी असेल, तर दोन्ही स्ट्रिंगा त्याच फटीत, पुढच्या खऱ्या अक्षराच्या आधीच रंगतात. ओव्हरलेचं पुढचं किंवा मागचं टोक मजकुराबरोबर सरकवायची जी सोय आहे, तिचाही इथे उपयोग नाही. ती टोकं कुठे जातील ते ठरवते, कर्सर कुठे रंगेल ते नाही. ईमॅक्सबरोबर येणाऱ्या, नावं सुचवणाऱ्या आयकम्प्लीटच्या कोडमध्येच एक टीप आहे की कर्सर काढणारा सी भाषेतला भाग ओव्हरलेचा चिकटपणा बघत नाही, म्हणून त्याला जागा चमच्याने भरवावी लागते. लिहिणाऱ्याचा वैताग त्या टिपेत नीट दिसतो.

मग चमच्याने भरवायचं कसं?

कर्सर नावाचाच एक गुणधर्म आहे. तो बफरमधल्या अक्षराला नव्हे, तर आभासी स्ट्रिंगमधल्या अक्षराला लावायचा. ज्या अक्षराला लावाल त्याच्यावर कर्सर रंगेल:

(पुट-टेक्स्ट-प्रॉपर्टी ० १ 'कर्सर १ उरलेलं)

"उरलेलं" म्हणजे "कोण" ही स्ट्रिंग. शून्यापासून एकपर्यंत, म्हणजे फक्त पहिल्या अक्षराला, गुणधर्म लागला. त्यानंतर ही स्ट्रिंग ओव्हरलेला आफ्टर-स्ट्रिंग म्हणून द्यायची. क्रम महत्त्वाचा: आधी गुणधर्म, मग ओव्हरले.

किंमत टी (ईमॅक्सच्या लिस्प भाषेतलं "हो") द्यायची की १?

मी १ देतो. किंमत पूर्णांक असेल तर तो पॉइंटच्या किती जागांसाठी कर्सर या अक्षरावर ठेवायचा ते सांगतो. मोजणी ओव्हरलेच्या आरंभापासून होते. १ म्हणजे फक्त आरंभाची जागा, ३ म्हणजे आरंभ आणि पुढच्या दोन. टी किंवा दुसरी कुठलीही किंमत दिली तर फक्त आरंभाच्या जागेचा विचार होतो, आणि तोही ती जागा पडद्यावर दिसत नसेल तेव्हा, असं ईमॅक्स लिस्पचं मॅन्युअल म्हणतं. आयकम्प्लीट टी वापरतं आणि त्याचं बरं चालतं. तरी मला आकडा आवडतो, मी काय मागितलंय ते सहा महिन्यांनी वाचलं तरी कळतं.

मी ओव्हरले टंकलेल्या शब्दावर पसरवला आहे. आता १ दिलं तरी कर्सर हलत नाही.

कारण मोजणी आरंभापासून होते. "पेडणे" हा शब्द ईमॅक्सच्या हिशेबात पाच अक्षरांचा आहे: प, एकार, ड, ण, एकार. ओव्हरले या पाचांवर पसरला असेल तर शेवटची जागा आरंभापासून पाच पुढे, म्हणजे किंमत ६ द्यावी लागेल. मग नवी डोकेदुखी येते. पॉइंट शब्दाच्या मध्ये असला तरी तो त्या सहा जागांतच मोडतो, आणि कर्सरला फिक्या अक्षरांवर जायची मुभा मिळते. यात पडूच नका. फिक्या अक्षरांसाठी पॉइंटच्या जागी वेगळा, रिकामा ओव्हरले ठेवा. शब्द रंगवायचा असेल तर त्यासाठी दुसरा ओव्हरले करा.

रिकाम्या ओव्हरलेला इव्हॅपोरेट हा गुणधर्म मात्र देऊ नका. त्याचा अर्थ "रिकामा झालास की नाहीसा हो". हा जन्मतःच रिकामा, म्हणून दिल्याक्षणी जातो.

सांगितल्याप्रमाणे केलं, तरी कर्सर पलीकडेच.

बहुतेक वेळा गुणधर्म वाटेत पुसला गेलेला असतो. सेट-टेक्स्ट-प्रॉपर्टीज ही आज्ञा आधीचे सगळे गुणधर्म काढून नवे लावते. फिका रंग द्यायला कुणी ती नंतर वापरली की कर्सर गेला. तिच्याऐवजी अ‍ॅड-टेक्स्ट-प्रॉपर्टीज किंवा प्रॉपर्टाइझ वापरा, त्या आधीचं राखतात. सबस्ट्रिंग-नो-प्रॉपर्टीज नावाप्रमाणेच वागते, गुणधर्म टाकून देते.

दुसरं कारण, स्ट्रिंगची सुरुवात नव्या ओळीने होत असेल. ओळ तोडणाऱ्या चिन्हाला पडद्यावर आकार नसतो, म्हणून त्याच्यावर लावलेला कर्सर गुणधर्म ईमॅक्सला सापडतच नाही. आधी एक मोकळी जागा घालून गुणधर्म तिला द्या. आरतीच्या पुढच्या चार ओळी सुचवायच्या असतील तेव्हा हे हमखास लागतं.

तपासायला कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स, मग बरोबरचं चिन्ह. पॉइंटच्या जागचे गुणधर्म आणि ओव्हरले समोर येतात.

तासभर छान चाललं, मग फिकी अक्षरं यायचीच बंद झाली. ईमॅक्स पुन्हा उघडला की परत चालतं.

हा दोष माझ्याच कोडमध्ये होता, आणि फोंड्याच्या मित्राने तो दोन आठवडे मुकाट सोसला. त्याला वाटलं, जुन्या मशीनमुळे होतंय.

झालं असं. गावाचं पूर्ण नाव हातानेच टंकून झालं की उरलेलं काहीच राहत नाही, स्ट्रिंग रिकामी. रिकाम्या स्ट्रिंगला शून्य ते एक असा गुणधर्म लावायला गेलं की चूक उठते. आणि फिकी अक्षरं दाखवणारं फंक्शन बहुधा पोस्ट-कमांड-हुकवर, म्हणजे प्रत्येक आज्ञेनंतर चालणाऱ्या फंक्शनांच्या यादीत, टांगलेलं असतं. त्या हुकवरच्या फंक्शनने चूक केली की ईमॅक्स त्याला हुकवरून काढूनच टाकतो, नाहीतर प्रत्येक कळ दाबताना चूक येत राहील आणि कामच थांबेल. खाली संदेश क्षणभर दिसतो, पण टंकणाऱ्याचे डोळे हस्तलिखितावर असतात.

आता गुणधर्म लावायच्या आधी स्ट्रिंग रिकामी नाही ना, एवढं बघतो. एका ओळीचं काम.

फिक्या अक्षरांच्या सुरुवातीला टिंबांचं वर्तुळ दिसतं. हे काय?

इथे देवनागरीवाल्यांना वेगळं गणित करावं लागतं. रोमी लिपीसाठी लिहिलेला तयार कोड इथेच अडखळतो.

इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर "म" टंकला आणि यादीत म्हापसा आहे. उरलेलं काय? हलन्त, ह, काना, प, स, काना. म्हणजे फिकी स्ट्रिंग हलन्तापासून सुरू होते. बफरमधला "म" आणि स्ट्रिंगमधला हलन्त हे दोन वेगळ्या घरांत राहतात, अक्षरं जुळवणारं यंत्र त्यांना एकत्र बघत नाही. (ईमॅक्स २७ पासून हे काम हार्फबझ करतं.) एकट्या हलन्ताला टेकू म्हणून ते टिंबांचं वर्तुळ देतं. "ड" टंकून डिचोली सुचवलं तर वेलांटी वर्तुळावर चढते, "फ" टंकून फोंडा सुचवलं तर ओकार. "म" वरून मडगाव मात्र स्वच्छ दिसतं, कारण उरलेलं "डगाव" स्वतःच्या पायावर उभं आहे. म्हणूनच मडगावच्या गिऱ्हाइकाचं काम करताना मला हा दोष दिसला नाही, आणि मुरगावचं काम आलं त्या दिवशी दिसला.

आधी वाटलं, "म" लाच डिस्प्ले गुणधर्म लावून त्याच्या जागी अख्खं "म्हापसा" दाखवावं. अक्षरं सुंदर जुळतात. पण मग पॉइंट कुठे दाखवणार? तो "म" नंतर आहे, आणि पडद्यावर "म" नंतर अशी जागाच उरलेली नाही, "म्हा" हा एकच घास झालेला आहे. आकडा २ देऊन कर्सर "म्हा"वर आणता येतो, पण तिथे तो काहीच टंकलं नसल्यासारखा दिसतो. "प"वर ठेवला तर "म्हा" टंकून झाल्यासारखा. दोन्ही खोटं.

शेवटी जे केलं ते दिसायला साधं आहे, पण खोटं नाही. उरलेल्याचं पहिलं अक्षर मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त असेल, किंवा टंकलेल्याचं शेवटचं अक्षर हलन्त असेल, तर जोडून दाखवायचं नाही. एक मोकळी जागा, आणि मग पूर्ण नाव फिक्या रंगात: म म्हापसा. कर्सरचा गुणधर्म त्या मोकळ्या जागेला. कर्सर "म"ला लागूनच उभा राहतो, फिक्या अक्षरावर चढत नाही, आणि कुठे काय टंकलंय ते डोळ्यांना कळतं. मात्रा ओळखायला गेट-चार-कोड-प्रॉपर्टी वापरून जनरल-कॅटेगरी विचारा. उत्तर एमएन किंवा एमसी आलं तर ते चिन्ह एकट्याने उभं राहणारं नाही.

गुणधर्म जोडाक्षराच्या कुठल्या भागाला लावायचा?

पहिल्या. "श्री" मध्ये चार चिन्हं आहेत, पण पडद्यावर आकृती एक. कर्सर शोधताना ईमॅक्स त्या आकृतीचं पहिलं चिन्ह बघतो.

खऱ्या मजकुरातही बाण दाबला की कर्सर "श्री" एका उडीत ओलांडतो, तो बिघाड नव्हे. मधलं चिन्ह दुरुस्त करायचं असेल तर ईमॅक्स २९ पासून कॉम्पोझिशन-ब्रेक-अ‍ॅट-पॉइंट आहे: पॉइंट असेल तिथली जोडणी तात्पुरती सुटते. बॅकस्पेस एकेक चिन्ह खातो, "श्री"चं "श्र" होतं. डिलीटची कळ मात्र २९ पासून अख्खं जोडाक्षर उडवते. हा फरक बोटांना शिकवायला मला महिना लागला.

इंग्रजी अंक देवनागरीत दाखवतो, पण तारखेवर कर्सर उड्या मारतो.

इथे डिस्प्ले गुणधर्म आहे, म्हणजे झाकाझाकी. चार अंकांच्या वर्षाला एकच स्ट्रिंग डिस्प्ले म्हणून दिली तर ईमॅक्स त्या चारांना एक तुकडा मानतो. पॉइंट आत शिरला तर आज्ञा संपल्यावर ईमॅक्स त्याला बाहेर काढतो. ग्लोबल-डिसेबल-पॉइंट-अ‍ॅडजस्टमेंटने ही ढकलाढकल बंद करता येते, पण मग पॉइंट आत अदृश्य फिरतो, कर्सर जागचा हलत नाही, आणि चार वेळा बाण दाबल्यावर माणूस कीबोर्ड आपटतो. प्रत्येक अंकाला स्वतंत्र डिस्प्ले द्या, कर्सर एकेक पाऊल चालेल.

पण त्यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो आहे. शेजारच्या दोन अक्षरांची डिस्प्ले किंमत एकच वस्तू असेल, नुसती सारखी नव्हे तर तीच, तर ईमॅक्स दोघांना एक तुकडा धरून ती एकदाच रंगवतो. मी दहा अंकांच्या स्ट्रिंगा एकदाच बनवून ठेवल्या होत्या आणि त्याच सगळीकडे वापरत होतो. जत्रेची तारीख होती ११. दोन्ही एकांना तीच स्ट्रिंग लागली आणि पडद्यावर आलं १. मी देवस्थानच्या यजमानांना फोन लावला, "तारीख १ की ११?" ते म्हणाले, "बाबा, कागदावर लिहून दिलंय की!" दिलंच होतं. फाइलमध्येही ११ होतं, प्रिंटलाही ११ आलं असतं. आता प्रत्येक अंकासाठी कॉपी-सिक्वेन्सने स्ट्रिंगची नवी प्रत काढतो.

कर्सर-इंटँजिबल लावून हे सगळं सुटेल का?

नाही. तो पॉइंटला कुठे जाऊ द्यायचं नाही ते ठरवतो, कर्सर कुठे रंगवायचा ते नाही. ईमॅक्स २५ मध्ये तो आला, आणि कर्सर-इंटँजिबल-मोड चालू नसेल तर काहीच करत नाही. मिनीबफरच्या (खालच्या आज्ञेच्या ओळीच्या) प्रॉम्प्टमध्ये शिरू न देण्यासारख्या कामाला तो उत्तम.

एकच फाइल दोन खिडक्यांत उघडली की फिकी अक्षरं दोन्हीकडे दिसतात.

ओव्हरले बफरचा असतो, खिडकीचा नाही. त्याला विंडो हा गुणधर्म देऊन चालू खिडकी सांगा.

अनडू केलं की फिकी अक्षरं परत येतील का?

नाही. ओव्हरलेची नोंद अनडूत होत नाही. येऊही नयेत.

ठोकळा कर्सर फिक्या अक्षरावर बसला की ते खरंच वाटतं.

मलाही वाटतं. कर्सर-टाइपला बार ही किंमत द्या, उभी रेघ येते आणि संभ्रम जातो. टर्मिनलमध्ये कर्सरचा आकार टर्मिनल ठरवतं, आणि देवनागरीची रुंदी तिथे बऱ्याचदा चुकते. हे काम ग्राफिकल ईमॅक्समध्येच करावं असं माझं मत.

निओव्हिममध्ये हे कसं?

डिचोलीचा मित्र हा एडिटरही वापरतो, म्हणून थोडक्यात. तिथे एक्स्टमार्क, म्हणजे मजकुरात ठेवलेल्या खुणा, असतात, आणि मे २०२४ मधल्या ०.१० पासून त्यांना ओळीच्या मध्ये, खऱ्या अक्षरांना सरकवून दिसणारा मजकूर देता येतो. त्याआधी ओळीत तो शेवटी किंवा खऱ्या अक्षरांवर झाकूनच दाखवता येई. आभासी स्ट्रिंगमधलं एक अक्षर बोटाने दाखवून "कर्सर इथे" म्हणायची ईमॅक्ससारखी सोय तिथे नाही. राइट-ग्रॅव्हिटी नावाचा पर्याय आहे: नवं अक्षर टंकल्यावर खूण त्याच्या आधी राहील की पुढे सरकेल ते त्याने ठरतं. हलन्ताची भानगड तिथेही तुमच्या मागे येणार, कारण ती एडिटरची नाही, लिपीची आहे.

ओव्हरले फार झाले की ईमॅक्स मंदावतो म्हणतात, खरं का?

पूर्वी खरं होतं. जुलै २०२३ मध्ये आलेल्या २९.१ मध्ये ओव्हरले साठवायची पद्धत मुळापासून बदलली. आणि आपल्याला तसाही एकच लागतो. प्रत्येक कळीला नवा करू नका, तोच पुढे सरकवा.

हे स्वतः लिहायलाच हवं का?

इंग्रजीपुरतं हवं असेल तर नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ३०.१ मध्ये कम्प्लीशन-प्रिव्ह्यू-मोड आहे. फिकी अक्षरं, टॅबने स्वीकार, सगळं तयार. मराठीसाठी मी माझंच चालवतो, त्या मोकळ्या जागेच्या युक्तीसाठी. हवं असेल तर पेन ड्राइव्ह घेऊन या, फोनवर कोड सांगून जमत नाही. शुक्रवारी मात्र येऊ नका, बाजाराचा दिवस असतो, गाडी लावायला जागा मिळणार नाही.